काळजीला काम हवे

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. नोकरी निवडण्याविषयीचा प्रश्न शेवटच्या चार ओळींत आहे आणि त्याआधीची दोन पाने हवामानबदलाच्या विचाराने झोप न लागण्याविषयी आहेत, म्हणून आधी त्या पानांकडे येतो. ही काळजी म्हणजे मनाचा दुबळेपणा आहे असे तुला कोणी सांगितले असेल, तर ते मनावर घेऊ नकोस. दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची एक पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ५९ टक्के तरुणांनी हवामानबदलाची फार किंवा पराकोटीची काळजी वाटते असे सांगितले, आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी त्याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो असे नोंदवले. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. हे ठाऊक असूनही निर्धास्त राहणाऱ्या माणसाचीच मला अधिक चिंता वाटते.

मात्र तुझ्या पत्रातील एक वाक्य मला मान्य नाही. ‘आता काहीही केले तरी उशीर झाला आहे,’ असे तू लिहिलेस. तापमानातील वाढ ही माणसाने आजवर हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडशी जवळजवळ समप्रमाणात असते, आणि त्याचे निव्वळ उत्सर्जन (म्हणजे सोडलेला वजा परत शोषून घेतलेला) शून्यावर आले की पुढची वाढही बहुतांशी थांबते, असा शास्त्रज्ञांचा आजचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ नीट समजून घे. औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसच्या आत ठेवण्याची मर्यादा महत्त्वाची आहे, पण ती ओलांडली म्हणून पुढचे प्रयत्न वाया जात नाहीत. उत्सर्जनाचा टाळलेला प्रत्येक टन त्यानंतरही तितकाच मोलाचा राहतो. वितळलेला बर्फ आणि चढलेला समुद्र लवकर मागे फिरणार नाही हे खरे आहे, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

इतरांना याची पर्वा नाही, ही तुझी दुसरी तक्रार. सव्वाशे देशांत झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६९ टक्के लोकांनी हवामानासाठी आपल्या उत्पन्नाचा एक टक्का देण्याची तयारी दाखवली. इतर किती जण तयार असतील असे विचारले, तेव्हा मात्र उत्तरांची सरासरी ४३ टक्के आली. म्हणजे शेजारी बसलेला माणूसही तुझ्याविषयी तेच समजून गप्प असण्याचा बराच संभव आहे. तेव्हा या विषयावर घरात आणि वर्गात बोलत जा, पण समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता.

आता कामाविषयी. दिवे आणि पंखे बंद करण्याची सवय चांगली आहे, ती सोडू नकोस. पण विमानप्रवास, खासगी मोटार आणि ताटातले मांस यांच्या तुलनेत तिचा वाटा फार लहान आहे. आणि या मोठ्या गोष्टीही बऱ्याच अंशी आपल्या हातात नसतात, कारण बसच धावत नसेल तर मोटार सोडणार कशी? म्हणून स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा ती व्यवस्था कोण ठरवते, याचा शोध घे.

माझे आयुष्य वीजक्षेत्रात गेले. २०१० नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या आणि तेव्हापासून अडचणीची जागा बदलली. उभारून तयार असलेला एक सौरप्रकल्प अकरा महिने नुसता पडून राहिलेला मी पाहिला आहे, कारण त्याची वीज वाहून नेणारी वाहिनी आणि उपकेंद्र वेळेत तयार झाले नव्हते. आज खरी निकड आहे ती सूर्य मावळल्यावर वाढणारी मागणी कशी भागवायची, साठवण कोठे करायची, वाहिन्यांचे परवाने कसे मिळवायचे, हे जाणणाऱ्या माणसांची. शिवाय जगाच्या अंतिम ऊर्जावापरात, म्हणजे घरे, वाहने आणि कारखाने प्रत्यक्ष वापरतात त्या ऊर्जेत, विजेचा वाटा जेमतेम एक पंचमांश आहे; तेव्हा नुसती वीज स्वच्छ करून भागत नाही. सिमेंटचे उदाहरण घे: भट्टी स्वच्छ विजेवर चालवली तरी चुनखडी तापवताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग हाच असतो. असे प्रश्न घोषणांनी सुटत नाहीत. त्यांना रसायनशास्त्रज्ञ, लेखापाल, वकील आणि जोडारी हवे असतात.

मोर्चाला जाऊ नकोस असे मी म्हणणार नाही. पण २०१९ मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठातील कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी काय केले, तेही पाहा. हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची कल्पना त्यांनी उचलून धरली. वानुआतू या छोट्या देशाने ती पुढे नेली. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे मत मागवणारा ठराव संमत केला. आणि जुलै २०२५ मध्ये, हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे मत न्यायालयाने दिले. ते सल्लादर्शक आहे, बंधनकारक आदेश नव्हे. तरीही त्याचा आधार आता जगभरच्या खटल्यांना घेता येईल. मधली सहा वर्षे मसुदे, पत्रे आणि बैठका यांत गेली, आणि मला त्या सहा वर्षांचेच अधिक मोल वाटते.

तू विचारलेल्या दोन नोकऱ्यांपैकी मी वीज वितरण कंपनीतील सुचवेन. तिथले काम कंटाळवाणे वाटेल आणि पगारही कमी आहे; पण कोणाची जोडणी कधी होते आणि का अडते, हे तुला तिथे आतून दिसेल. निदान तीन वर्षे तिथे टिकून राहा. रात्री बातम्या वाचणे मात्र बंद कर. सकाळी वाचल्याने काहीही बिघडत नाही.

पुढच्या महिन्यात भेटायला येशील तेव्हा तुझ्या महाविद्यालयाची बारा महिन्यांची वीजबिले मागून आण. मंजूर भार किती, प्रत्यक्ष मागणी किती आणि दंड कशाचा लागला, हे आपण शेजारी बसून वाचू.

तुझा शुभचिंतक