पायटेस्टमध्ये पॅरामेट्राइझ कधी, फिक्स्चर कधी?

तुमचा प्रश्न असा: एका फंक्शनसाठी पंधरा टेस्ट लिहून झाल्यात, सगळ्या एकमेकींच्या कॉपी-पेस्ट. त्या आवरायला पायटेस्टचं (पायथॉन कोड तपासायचं साधन) पॅरामेट्राइझ (एकच टेस्ट अनेक इनपुटवर चालवणं) वापरायचं, फिक्स्चर (टेस्टला लागणारी तयारी करून देणारं फंक्शन) वापरायचं, की सरळ एका टेस्टमध्ये फॉर लूप लावायचा?

लूप लावू नका, हे आधी सांगतो. मी तेच केलं होतं. बिलिंगच्या कामात रकमेला आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देणारं छोटं फंक्शन होतं. १००००० दिले की १,००,००० मिळायला हवेत. आकड्याची स्ट्रिंग करायची, शेवटची तीन अक्षरं वेगळी काढायची, उरलेल्याचे मागून दोन-दोनचे गट पाडायचे. टेस्टमध्ये इनपुट आणि अपेक्षित उत्तर अशा दहा जोड्यांची यादी, त्यावर लूप, आत असर्ट (उत्तर बरोबर आहे का ते तपासणारी ओळ). परताव्याच्या ऋण रकमा यादीत घातल्या आणि टेस्ट -१०० वर पडली, उत्तर आलं ‘-,१००’. मी तेवढ्यापुरता एक इफ घातला, तर आता -१२३४५ वर पडली. असर्ट फसला की टेस्ट तिथेच संपते, त्यामुळे पुढच्या जोड्यांचं काय झालं ते दिसतच नाही.

इफ काढून टाकला आणि तीच यादी पॅरामेट्राइझमध्ये दिली. प्रत्येक ओळीची एक स्वतंत्र टेस्ट झाली, एक पडली तरी बाकीच्या चालतात. -१०० आणि -१२३४५ लाल, पण -१२३४ आणि -१२३४५६ हिरव्या! हे शेजारी-शेजारी दिसलं आणि चूक लगेच कळली: उणे चिन्ह अंक म्हणून मोजलं जात होतं, त्यामुळे अंकांची संख्या तीन, पाच अशी विषम असली की चिन्ह गटात एकटं उरायचं. आधी चिन्ह बाजूला काढायचं, शेवटी परत जोडायचं, एवढीच दुरुस्ती. लूपमध्ये हा नमुना मला कधीच दिसला नसता.

म्हणून जिथे टेस्टची कृती तीच राहते आणि फक्त इनपुट व अपेक्षित उत्तर बदलतं, तिथे पॅरामेट्राइझ. अपेक्षित उत्तर मात्र हाताने लिहा. ते यादीतच एखाद्या सूत्राने काढलंत, तर कोडमधली चूक टेस्टमध्येही उतरते आणि दोघं आनंदाने जुळतात. आणि टेस्टच्या आत ‘हा इनपुट असेल तर हे तपासा’ असा इफ लिहावासा वाटला, तर समजा की या दोन वेगळ्या टेस्ट आहेत. पॅरामेट्राइझचे डेकोरेटर (टेस्टच्या डोक्यावर @ लावून लिहिलेली ओळ) एकावर एक लावताना हिशोब करा: तीन किमती आणि चार किमती म्हणजे बारा टेस्ट.

फिक्स्चर हे तयारीसाठी. डेटाबेसचं कनेक्शन, नमुन्याचा ग्राहक, तात्पुरती फाइल (त्यासाठी tmp_path हे तयार फिक्स्चर आहेच). टेस्टच्या आर्ग्युमेंटमध्ये नाव लिहिलं की पायटेस्ट ते आणून देतं. फिक्स्चरमधल्या यील्डच्या (जिथे वस्तू टेस्टच्या हाती जाते) आधी मांडामांड, यील्डनंतर आवराआवर. टेस्ट पडली तरी आवराआवर होते. अनेक फाइलींना लागणारी फिक्स्चर कॉनफटेस्ट (conftest.py) या खास फाइलीत ठेवा, इम्पोर्ट करावी लागत नाहीत.

इथे सगळ्यात जपायचं ते स्कोपला, म्हणजे एकदा बनलेलं फिक्स्चर कुठपर्यंत टिकतं त्याला. मुळात प्रत्येक टेस्टला फिक्स्चर नव्याने बनतं. वेग वाढवायला मी एकदा ग्राहकाच्या डिक्शनरीचा स्कोप मॉड्यूल (पूर्ण फाइलला एकच) केला. एका टेस्टने त्या डिक्शनरीतली सवलत बदलली आणि दुसरीच टेस्ट पडायला लागली, तीही पूर्ण फाइल चालवली तरच; एकटी चालवली की पास. अर्धा दिवस गेला. तेव्हापासून बदलू शकणारी वस्तू फंक्शन स्कोपलाच (दर टेस्टला नवी) ठेवतो. मोठा स्कोप फक्त उभारायला खरोखर वेळ लागतो अशा गोष्टींना, उदाहरणार्थ डेटाबेस इंजिन.

दोन्हींची सांगडही बसते. तीच तपासणी दोन डेटाबेसवर चालवायची असेल तर फिक्स्चरलाच पॅराम्स (त्या दोन पर्यायांची यादी) द्या. ते वापरणारी प्रत्येक टेस्ट दोनदा चालेल.

पॅरामेट्राइझला आयडीज (ids) देऊन प्रत्येक केसला नाव जरूर द्या, पण मराठीत दिलंत तर आउटपुटमध्ये युनिकोडचे एस्केप कोड दिसतील. ते बंद करायचं सेटिंग आहे, पण त्याच्या लांबलचक नावातच बजावलंय की हे वापरलंत तर कम्युनिटीच्या मदतीवरचा हक्क सोडला. मी नावं रोमन लिपीत देतो: ‘run-teen-anki’, ‘run-paach-anki’ अशी.

तुमच्या पंधरा टेस्टमध्ये आधी पाहा की ओळीओळीने नेमकं काय बदलतंय. फक्त आकडे बदलत असतील, तर आजच त्यांची एक यादी करा.