'शिनमिन'ला 'नवनागरिक' म्हणू नका

प्रश्न: चिनी सुधारक विचारवंत लिआंग छीछाओ यांच्या 'शिनमिन' या चिनी शब्दाला मराठीत 'नवनागरिक' म्हणावे का?

मुळीच नाही. हा प्रतिशब्द लेखांमधून इतका सर्रास भेटतो की चीड येते. 'नवनागरिक' हा कर्मधारय: नवा असा नागरिक, आयता घडवलेला. लिआंगच्या शब्दात 'शिन' (नवे करणे) हे क्रियापद आहे आणि 'मिन' त्याचे कर्म. शिवाय 'मिन' म्हणजे लोक. कायद्यातल्या नागरिकाला चिनीत 'गोंगमिन' आहे.

खरी मजा 'शिन' या अक्षरात आहे. 'दाश्वे' या कन्फ्यूशियन ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात खरे तर 'छिनमिन' आहे, लोकांशी जवळीक साधणे. अकराव्या शतकातले तत्त्वज्ञ छंग यी म्हणाले, इथे 'शिन' वाचा. बाराव्या शतकात कन्फ्यूशियन पंडित चू शी यांनी तो पाठ रूढ केला. दोन्ही अक्षरांची डावी बाजू एकच. उजवीकडे 'छिन'मध्ये 'पाहणे' आणि 'शिन'मध्ये कुऱ्हाड! हान काळातला 'श्वोवन' हा कोश 'शिन'चा अर्थच लाकूड तोडणे असा देतो. त्याच अक्षराच्या डोक्यावर गवताचे चिन्ह चढवले की आजही 'सरपण' होते.

पुढच्या काळातले तत्त्वज्ञ वांग यांगमिंग मात्र हट्टाने 'छिन'कडे परतले. त्याच ग्रंथात पुढे राजा थांगच्या स्नानपात्रावरचा 'रोज नवा हो' हा लेख येतो आणि पाठोपाठ एका प्राचीन राजाज्ञेतले 'शिनमिन' जसेच्या तसे येते. वांग म्हणतात, ते आपणहून नवे होणारे लोक, म्हणून पहिल्या वाक्यात 'शिन' वाचायला तो पुरावा नव्हे. हा युक्तिवाद अगदी लंगडा आहे. आपणहून नवे होणे हाच तर 'शिन'चा गाभा! लिआंगनी तो बरोबर ओळखला. १९०२ मध्ये, योकोहामात परागंदा असताना, त्यांनी आपल्या नियतकालिकाला हेच नाव दिले आणि बजावले की नवे करणारा एक व नवा होणारा दुसरा असे इथे नाही. प्रत्येकाने स्वतःच नवे व्हायचे.

म्हणूनच १९३४ च्या चांग काय-शेक यांच्या 'नवजीवन' चळवळीला या शब्दाची वारस म्हणणारे अभ्यासक मला पटत नाहीत. गुंड्या नीट लावा, थुंकू नका, असे फर्मान तिथे वरून निघत होते. त्यापेक्षा १९१८ मध्ये छांगशा शहरात माओ आणि त्यांच्या मित्रांनी काढलेली 'शिनमिन' सभा लिआंगच्या कितीतरी जवळची: तरुणांनी स्वतःच स्वतःला घडवायला घेतले होते.

मराठीत 'शिनमिन' तसाच ठेवावा. भाषांतर हवेच असेल, तर 'लोकांचे आत्मनवीकरण'.