मेल सर्व्हर घेताय? मग पार्ट कुठून येणार ते आधी विचारा

ऑफिसच्या मेलसाठी ब्रँडेड सर्व्हर घ्यावा की असेंबल केलेला, हा तुमचा प्रश्न वाचला आणि २०१६ सालचं आमचं ऑफिस डोळ्यांसमोर आलं. तुमच्याकडं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात कारखाना, ४० मेलबॉक्स, "आपली मेल आपल्याच छपराखाली पाहिजे" हा मालकांचा हट्ट आणि हातात दोन कोटेशनं: एक ब्रँडेड टॉवर सर्व्हर हार्डवेअर रेड कार्डासकट (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड), दुसरं कोल्हापुरात राजारामपुरीत असेंबल केलेलं मशीन. आमचंही तसंच होतं, मी शिरोलीत एका ओतकामाच्या फौंड्रीत होतो, फरक तेवढाच.

प्रोसेसर किती कोअरचा, यावर तुम्ही चार ओळी घालवल्यात. ४० माणसांच्या मेलला प्रोसेसर फारसा लागतच नाही, स्पॅम आणि व्हायरस तपासताना काय तो राबतो. मेल म्हणजे लाखो बारीक फायली, सगळा भार डिस्कवर. ७२०० आरपीएमची साधी डिस्क सेकंदाला शंभरेक इकडची-तिकडची कामं उरकते, त्यामुळे सकाळी सगळ्यांनी एकदम आऊटलुक उघडलं की रांग लागते. पैसे एसएसडीत घाला, त्याही पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या, म्हणजे वीज गेली तरी लिहीत असलेला डेटा वाचवणाऱ्या. ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम घ्या. स्टॅटिक आयपी (कायम एकच राहणारा इंटरनेट पत्ता) आणि पीटीआर रेकॉर्डचं (त्या पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) तुम्ही बघितलंच असेल. ते नसेल तर मशीन कुठलंही घ्या, जीमेल तुमची मेल आत घेणार नाही.

आता माझं दुखणं. आम्ही ब्रँडेड घेतला. चार डिस्क, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी मांडणी), तीन वर्षांची 'नेक्स्ट बिझनेस डे' वॉरंटी, म्हणजे कामाच्या पुढच्याच दिवशी दुरुस्ती. मालक खूश, मी त्याहून खूश. दुसऱ्या पावसाळ्यात एका मंगळवारी मशीन सुरू होईना. स्क्रीनवर एकही डिस्क दिसेना. डिस्क चारही ठणठणीत होत्या, मेलं होतं ते तळहाताएवढं रेड कार्ड. डिस्क काढून पीसीला लावून बघितल्या, काहीच वाचता येईना. चार डिस्कवर तुकडे कसे मांडलेत हे त्या जातीच्या कार्डालाच ठाऊक.

वॉरंटीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलायची. "सर, पार्ट उद्या पोचेल." बुधवारी उद्या, गुरुवारी उद्या. शनिवारी कळलं की पार्ट सोलापुरात पोचलाय! तिथून तो पुण्याला परत, मग नवा केस नंबर, मग पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी सांगा. कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतंच की 'नेक्स्ट बिझनेस डे' ठरावीक शहरांपुरतं, बाकी ठिकाणी उपलब्धतेनुसार. खाली सही माझी. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

पण खरी माती मीच खाल्ली. त्या 'उद्या'वर विसंबून बसलो. आपला सर्व्हर बंद असला तरी पाठवणारा सर्व्हर मेल लगेच परत करत नाही, रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळात ५ दिवसांची असते, काही जण कमी ठेवतात. म्हणजे मला सवड होती. स्टोअरमधला जुना डेस्कटॉप उचलून, लिनक्स टाकून रिकामे मेलबॉक्स उघडले असते तर संध्याकाळपर्यंत नवी मेल यायला लागली असती, जुनी मागाहून भरता आली असती. पण पार्ट उद्या येतोय म्हटल्यावर दुहेरी काम कशाला?

कार्ड आलं बाराव्या दिवशी. मधल्या काळात एका परदेशी गिऱ्हाइकानं कास्टिंगचं सुधारित ड्रॉइंग मेलनं पाठवलं होतं. फ्लँजची जाडी ४ मिलिमीटरनं वाढवलेली. मेल त्यांच्या ऑटोमॅटिक सिस्टिममधून सुटलेली, ती बाऊन्स होऊन परत गेली ते तिकडं कुणी बघितलंच नाही. आम्ही जुन्या ड्रॉइंगवर अख्खा लॉट ओतला आणि तो सगळा परत भट्टीत गेला. मालक ओरडले नाहीत. रिजेक्ट झालेला एक पीस सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवला, बस्स. सहा महिने तो तिथंच होता.

म्हणून माझं मत असेंबल्ड मशीनला. दोन एसएसडी, लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड १, म्हणजे कार्डाशिवाय दोन्ही डिस्कवर तोच डेटा. बोर्ड जळाला तर एक डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही लिनक्सवाल्या पीसीला लावा, वाचता येते. आणि बोर्ड त्याच दिवशी राजारामपुरीत मिळतो. ब्रँडेडच घ्यायचा झाला तर त्याच मॉडेलचं दुसरं रेड कार्ड सर्व्हरबरोबरच घेऊन कपाटात ठेवा. वॉरंटीच्या कागदावर तुमचा पिन कोड लिहून घ्या. सेल्सवाला "होतंय की ओ" म्हणेल, त्याला तेच मेलवर लिहायला सांगा. मुंबई-पुण्याच्या मंडळींना हे पटणार नाही, त्यांच्याकडं माणूस चार तासांत येतो. शंभर-दोनशे माणसांची कंपनी असेल तर माझंही मत वेगळं असेल.

आणखी एक. कार्ड बदललं की स्क्रीन 'फॉरेन कॉन्फिगरेशन' म्हणून विचारते, इम्पोर्ट (डिस्कवरची जुनी मांडणी उचलायची) की क्लिअर (ती पुसायची). आमच्याकडं आलेल्या इंजिनिअरचं बोट क्लिअरकडं निघालं होतं, मी मनगट धरलं. त्याला घाई होती, पुण्याची गाडी गाठायची होती.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्हाला माहीत असणारच. पण बॅकअपची डिस्क कुठं ठेवता तेही बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीजवळ वाहतूक कित्येक दिवस बंद होती. सर्व्हर नदीपलीकडं आणि आमची बॅकअप डिस्क गावात, मालकांच्या घरी तळमजल्यावर. डिस्क वाचली ती वहिनींनी ती लोणच्याच्या बरण्यांबरोबर माळ्यावर टाकली म्हणून.

यूपीएसवर लिहायला बसलो तर रात्र होईल. तूर्त दोन्ही कोटेशनमधली वॉरंटीची ओळ आणि रेड कार्डाचं मॉडेल जसंच्या तसं टाका, बघून सांगतो.