मुलीच्या फॉर्मवर वाड्याचा वाद भरू नका

पत्र: ‘माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित ग्रुप. अकरावीपासून जेईईचा क्लास लावला आहे, फी पूर्ण भरली आहे. मॉक टेस्टचे मार्क बरे येतात. आता दिवाळीपासून तिने नवीनच काढलं आहे. म्हणते, इंजिनिअरिंग नको, मला महापालिकेत जुन्या इमारती जपण्याचं प्लॅनिंग करायचं आहे. परदेशात अशी नोकरी असते म्हणे. आपल्याकडे अशी पोस्टच नाही. महाल भागात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे, तिघा भावांचा. बिल्डरशी बोलणी सुरू आहेत. त्या बैठकीत ही सगळ्यांसमोर म्हणाली, वाडा हेरिटेज यादीत आहे का ते आधी बघा. धाकटा भाऊ मला म्हणाला, “पोरीले आवर, नाही तं सौदा मोडते.” यादीत नाव गेलं की घर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात जातं. तिची दारं-खिडक्यांच्या चित्रांची वही मी सध्या माळ्यावर टाकली आहे. तुम्ही तिला समजावा.’
- एक वडील, नागपूर

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रात क्लासची फी आहे, मॉक टेस्टचे मार्क आहेत, भावाने काय ऐकवलं तेही आहे. मुलीचं म्हणणं मात्र जेमतेम दोन-तीन ओळींचं, तेही तुमच्या शब्दांत. हे काम तिला का करावंसं वाटतं, कुठे वाचलं, त्यात रोज काय करावं लागतं असं तिला वाटतं, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

वही आज खाली काढा आणि तिच्या हातात द्या. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. बोर्डाच्या वर्षात वही लपवली की मुलगी अभ्यासाला लागेल, असं तुम्हाला वाटलं असेल. होतं ते वेगळंच. मूल पुस्तक उघडून बसतं, जेवायला येतं, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतं आणि मनातलं सांगणं बंद करतं. मग कॉलेज निवडताना, फॉर्म भरताना, एखादा पेपर वाईट गेला तरी ते तुमच्याकडे येत नाही. मार्क गेले तर पुढच्या वेळी मिळवता येतात, हा तुटलेला संवाद परत जोडायला फार वर्षं लागतात. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

आता स्पष्ट बोलतो. तुमचा प्रश्न मुलीच्या करिअरचा नाही, वाड्याचा आहे. दिवाळीपासून ती हे बोलत होती, तेव्हा तुम्ही मला लिहिलं नाही. भावांसमोर ती बोलली, धाकट्याने ‘पोरीले आवर’ म्हटलं, तेव्हा तुम्ही कागद-पेन घेतलं. भावांपुढे मान खाली गेली, हे दुःख खरं आहे. पण त्याचा हिशेब तिच्या प्रवेशाच्या फॉर्मवर का? शिवाय बैठकीत तिने जे विचारलं, ते कोणताही जाणता वकील तुम्हाला पहिल्या भेटीत विचारेल. सतरा वर्षांच्या मुलीला ते सुचलं, याचं मला कौतुक वाटतं.

तुमच्या भीतीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण हा गैरसमज नागपुरातच नाही, सगळीकडे आहे. हेरिटेज म्हटलं की लोकांना पुरातत्त्व खातं आठवतं. प्रत्यक्षात इथे तीन वेगळ्या वाटा आहेत. केंद्राचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण 1958 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं सांभाळतं. नागपूरजवळच्या जुनापाणीची महापाषाणकालीन शिळावर्तुळं त्यातली. 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी 200 मीटर नियंत्रण, ही 2010 ची दुरुस्ती अशा स्मारकांसाठी आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याची स्मारकं 1960 च्या राज्य कायद्याखाली येतात. शहराची हेरिटेज यादी ही तिसरी गोष्ट. ती 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या आधाराने केलेल्या विकास नियंत्रण नियमांमधून येते. मुंबईत असे नियम 1995 मध्ये आले, नंतर नागपुरातही आले. या यादीत इमारत असली तरी मालक तुम्हीच राहता. राहता येतं, भाड्याने देता येतं, विकताही येतं. पाडकाम, मोठी दुरुस्ती, बाहेरून दिसणारा बदल यांना महापालिकेची परवानगी लागते आणि आयुक्त हेरिटेज समितीचा सल्ला घेतात. यादीत इमारतींच्या श्रेणी असतात: श्रेणी 1 मध्ये बदलाला जवळजवळ वाव नसतो, श्रेणी 3 मध्ये बराच असतो. नियमांमुळे बांधकामाचा हक्क वापरता आला नाही, तर त्याबदल्यात टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे. ही प्रक्रिया वेळखाऊ आहे आणि त्यात मालकाची दमछाक होते, हे मी नाकारत नाही. पण घर सरकारजमा होतं, ही भीती मनातून काढून टाका.

आता मुलीच्या आवडीकडे वळतो. अशी पोस्ट नाही हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिने बहुधा अमेरिकेबद्दल वाचलं असावं. तिथे 1966 मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा झाला आणि आज अनेक शहरांच्या नियोजन विभागात फक्त याच कामाचे प्लॅनर असतात. आपल्याकडे या नावाची भरती निघेल म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. काम मात्र आहे. ते नगररचना विभागात, हेरिटेज समितीपुढे जाणाऱ्या फायलींमध्ये आणि महापालिकांनी नेमलेल्या सल्लागारांकडे विखुरलेलं आहे. अहमदाबाद महापालिकेने 1996 मध्ये हेरिटेज सेल काढला, 2017 मध्ये ते शहर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथल्या पोळांमधली, म्हणजे जुन्या दाट वस्त्यांमधली लाकडी घरंही तुमच्या वाड्यासारखीच आहेत, एकेका घराला अनेक वारस. त्यातल्या मालकांना दुरुस्तीचा खर्च निघावा म्हणून टीडीआर दिला गेला. पुणे महापालिकेकडेही हेरिटेज सेल आहे.

हे काम दिसतं कसं, ते एका अर्जावरून सांगतो. समजा, एका वाड्याच्या मालकाने अर्ज केला: समोरच्या भिंतीला ओल येते, प्लास्टर करायचं आहे. कंत्राटदाराने सिमेंटचा अंदाज दिला आहे. प्लॅनर जागेवर जातो. भिंत जुन्या विटांची, चुन्यात बांधलेली. चुना सच्छिद्र असतो, भिंतीतली ओल त्यातून हळूहळू बाहेर पडते. वरून सिमेंट मारलं की ती वाट बंद होते. पाणी आतच राहतं, विटा भुगा होऊ लागतात आणि सागवानी तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक कुजतं. म्हणजे मालकाने पैसे खर्चून वाडा लवकर पाडायची सोय केली. प्लॅनरला हे मालकाला पटेल अशा भाषेत सांगावं लागतं, चुन्याचं काम येणारा गवंडी कुठे मिळेल ते शोधावं लागतं, कवेलू बदलताना उतार आणि पागोळ्या तशाच राहतील ना हे बघावं लागतं. आणि मग परत येऊन टिप्पणी लिहावी लागते, नगर भूमापन क्रमांक, नकाशा, फोटो, नियमाचं कलम यांसकट. दुसऱ्या दिवशी विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा एखाद्या जुन्या दरवाजावरून जाते म्हणून बैठक. नागपूरच्या झिरो माइल स्तंभासारख्या खुणेभोवती मेट्रो, फलक, पार्किंग यांची दाटी होते, तेव्हा कुठे काय बसवावं याचाही कुणाला तरी विचार करावा लागतो. थोडी चित्रं, भरपूर कागद आणि त्याहून जास्त माणसं, असं हे काम आहे.

ज्याला या कामाची ओढ आहे त्याने इतिहासात बीए करून थेट इथे पोहोचू अशी आशा धरू नये. आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंगची पदवी हवी. पाच वर्षांचं बी.आर्क. किंवा चार वर्षांचं बी.प्लॅन., त्यानंतर संवर्धनात किंवा शहर नियोजनात पदव्युत्तर शिक्षण. दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये संवर्धनाचा अभ्यासक्रम आहे, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातही आहे. बी.आर्क. तर तुमच्या नागपुरातल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतच आहे. सरकारी नोकरीसाठी एमपीएससीतून सहायक नगररचनाकार आणि नगररचनाकार ही पदं भरली जातात.

फी वाया गेली, असं तुम्ही पत्रात सुचवलं आहे. तसं काही झालेलं नाही. जेईई मेनमध्येच पेपर 2 असतो, बी.आर्क.साठी 2अ आणि बी.प्लॅन.साठी 2ब. दोन्हींत गणित आहे आणि ते तिचं चाललंच आहे. 2अ मध्ये चित्रकलेचा भाग असतो. त्याची तयारी तुम्ही माळ्यावर टाकलेल्या वहीत सुरू आहे. राज्यातल्या इतर आर्किटेक्चर कॉलेजांसाठी नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्यावी. इंजिनिअरिंगचा पेपर 1 तिने दिला तरी काही बिघडत नाही, तो पर्याय हाताशी राहू दे.

बेटा, पुढचं तुझ्यासाठी लिहितोय, बाबांनी हे तुला वाचायला द्यावं.

तुझी निवड मला आवडली, पण तुझ्या कारणाबद्दल शंका आहे. आपला वाडा वाचवायला म्हणून या क्षेत्रात येणार असशील तर येऊ नकोस. तू पदवी घेऊन बाहेर पडशील तोवर वाड्याचा निर्णय कधीच झालेला असेल. आणि उद्या तू त्या खुर्चीत बसलीस, तर स्वतःच्या घराची फाईल तुला हातातही घेता येणार नाही, ती दुसऱ्याकडे द्यावी लागेल. तुला रोज भेटतील ती इतरांची घरं. तिथेही तीन भाऊ असतील, एक भाडेकरू असेल, कुणाच्या मुलाच्या फीसाठी वाटणी हवी असेल. तुझ्या काकांना पैशांची गरज का आहे, हे समजून घ्यायची तुझी तयारी आहे का? त्यांच्यावर चिडणं सोपं आहे. पण या कामात निम्मा वेळ अशाच काकांशी बोलण्यात जातो, आणि त्यांना शत्रू मानणारा प्लॅनर एकही वाडा वाचवू शकत नाही.

तरीही हे करावंसं वाटत असेल, तर बोर्डाचे पेपर संपल्यावर दारांची चित्रं जरा बाजूला ठेव आणि मोजणीला लाग. मीटर टेप घेऊन वाड्याच्या तळमजल्याचा नकाशा काढ, प्रमाण ठरवून. भिंतींची जाडी लिही, खांबांमधलं अंतर लिही, ओल कुठून कुठवर चढली आहे ते दाखव. आजीला विचार, कोणती खोली कधी बांधली, कुठली बाजू नंतर वाढवली. मग अजब बंगल्यापासून, म्हणजे आपल्या मध्यवर्ती संग्रहालयापासून, जुन्या हायकोर्टापर्यंत फिर आणि तिथे काय नवीन लावलंय, काय काढलंय, याची नोंद कर. असं काही दिवस केल्यावर कंटाळा आला तर तेही मोकळेपणाने सांग. मन बदलल्याची लाज नसते.

भाऊ, तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, वाड्याची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन इमारत यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत इसार घेऊ नका. यादीत नसेल तर भावांशी बोलणी निर्धास्तपणे पुढे न्या, यादीत असेल तर बिल्डरलाही ते आजच कळलेलं बरं, नाहीतर पैसे आणि नाती दोन्ही अडकतील. या चौकशीला मुलीला सोबत न्या. अर्ज तिलाच लिहू द्या, सही तुमची.

दुसरी गोष्ट, धाकट्या भावाला फोन करून सांगा की तिने विचारलेला प्रश्न तुमचाही आहे. हे तिच्यासमोर सांगा.