पहिल्यांदाच शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० किलोमीटर सायकल चालवायची आहे. काय तयारी करू?

आधी सीटची उंची बघा, कारण नवख्यांचे गुडघे बहुधा तिच्यामुळेच दुखतात. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा ठेवल्यावर गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो.

हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच भरा. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप जवळ ठेवा. ट्यूब बदलायचा सराव मात्र घरीच करा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरमधून आतून बोट जपून फिरवा. काटा तिथेच असला तर तीही जाईल!

सिग्नल धरून ताशी १२-१५ किलोमीटरचा हिशोब ठेवा. थांबण्याआधीच हलका गिअर टाका; चेनचे गिअर उभ्या सायकलवर नीट बदलत नाहीत. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. तहान लागायची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी घोटभर पाणी प्या.