दुसऱ्याच्या फाशांवरून घेतलेला साचा आणि वकिलाची नोटीस

प्रश्न : मी हाताने रेझिनचे फासे बनवून ऑनलाइन विकते. माझा पहिला सिलिकॉनचा साचा मी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून विकत घेतलेल्या सात फाशांच्या संचावरून काढला होता. वीसच्या जागी असलेले त्यांचे चिन्हही त्यात तसेच उतरले. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : सर्व विक्री थांबवा, साचे आमच्या स्वाधीन करा, भरपाई द्या आणि सोबतच्या हमीपत्रावर सात दिवसांत सही करा. मी काय करावे?

उत्तर : हमीपत्रावर आत्ता सही करू नका. नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. मात्र तिला उत्तर न देणे हिताचे नाही.

चार, सहा, आठ, बारा किंवा वीस बाजूंचा फासा ही कोणाचीही मालमत्ता नाही. हे घनाकार प्राचीन काळापासून ज्ञात आहेत, आणि वीस बाजूंच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज एकवीस यावी अशी आकड्यांची मांडणीही सर्रास वापरली जाते. त्यामुळे 'सर्व फासे विकणे थांबवा' ही मागणी माझ्या मते टिकणारी नाही.

तुमची खरी अडचण त्या साच्यात आहे. आकड्यांचे विशिष्ट वळण आणि ते चिन्ह तुम्ही स्वतः रेखाटलेले नाही, ते थेट उचलले गेले आहे. त्यांच्या वळणाची वा आकाराची नोंदणी डिझाइन अधिनियम, 2000 खाली झाली असेल, तर तो हक्क दहा वर्षे चालतो आणि पुढे पाच वर्षे वाढवता येतो. परंतु नोंदणीपूर्वी ते डिझाइन जाहीर झाले असल्यास तिच्या वैधतेला आव्हान देता येते. नोंदणी नसेल तर कॉपीराइट अधिनियम, 1957 चे कलम 15(2) तुमच्या कामी येऊ शकते. नोंदणीयोग्य असूनही नोंदवलेले नसलेले डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा वस्तूंवर वापरले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. हाताने साच्यात ओतलेले रेझिन 'औद्योगिक प्रक्रिया' ठरते का, यावर मात्र दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो, म्हणून केवळ याच मुद्द्यावर विसंबू नका. चिन्हाचा प्रश्न तर याहून वेगळा आहे, कारण ते त्यांचे व्यापारचिन्ह असेल तर नोंदणी नसतानाही ग्राहकांची दिशाभूल झाल्याचा दावा ते लावू शकतात.

म्हणून त्या साच्यातून ओतणे आणि त्यातले संच विकणे आजच थांबवा, मात्र साचा नष्ट करू नका आणि त्यांच्या स्वाधीनही करू नका, कारण तो पुरावा आहे. मूळ संचाचे बिल, संदेश, विक्रीच्या नोंदी जपून ठेवा. काहीही पुसून टाकलेत तर पुढे तुमच्यावरच संशय येईल. नवा मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा तो मूळ नमुना, स्वतःच्या आकड्यांसह तयार करा आणि त्याची कच्ची रेखाटने तारखेसह जतन करा. हे कष्टाचे आहे, पण तुमचा व्यवसाय त्यावरच सुरक्षितपणे उभा राहील.

उत्तर वकिलामार्फत मुदतीत पाठवा. त्यात नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्राची प्रत आणि नेमके काय उचलल्याचा आरोप आहे हे मागा. खोटे लिहू नका आणि विचारले नाही ते कबूलही करू नका. तडजोड करायची झाल्यास हमी फक्त त्या साच्यातल्या संचांपुरती द्यावी आणि भरपाईचा आकडा तुमच्या प्रत्यक्ष विक्रीशी जोडलेला असावा, असा मसुदा तुमच्या बाजूने आधी पुढे करा.