आर्टरी, ट्रॅकिया आणि धमनी

नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे : 'आर्टरी' म्हणजे मुळात 'हवा राखणारी', असं वर्गात सांगितलं. पण आर्टरीतून तर रक्त वाहतं, मग ही हवा आली कुठून?

हवेशी नातं आहे, पण ही फोड मला पटत नाही. ग्रीक 'आर्तेरिआ'मध्ये 'आएर' (हवा) आणि 'तेरेइन' (राखणे) शोधायची रीत जुनीच. आजचे कोशकार मात्र 'आएइरेइन', म्हणजे उचलणे, टांगणे, या धातूकडे झुकतात. 'एओर्टा' (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) हा शब्दही त्याच कुळातला.

आर्तेरिआ हे श्वासनलिकेचंही नाव होतं, आणि खरं उत्तर तिथे आहे. मेलेल्या जनावराच्या शिरा रक्ताने भरलेल्या आणि धमन्या जवळपास रिकाम्या दिसत. मृत्यूनंतर धमनीची लवचीक भिंत आक्रसते आणि रक्त पुढे शिरांत सरकतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार! इ.स.पू. चौथ्या शतकातल्या प्रॅक्सागोरस या ग्रीक वैद्याचं म्हणणं, धमन्यांतून 'न्यूमा', म्हणजे प्राणरूप वायू, खेळतो. दोन्ही नळ्या वाऱ्याच्याच मानल्या, की एक नाव दोघींना चालतं. वेगळेपणासाठी श्वासनलिकेला 'आर्तेरिआ त्राखेइआ', म्हणजे खडबडीत आर्टरी, म्हणत. गळ्यावरून बोट खाली फिरवून पाहा, कूर्चेच्या कड्या हाताला लागतात. पुढे नाम गळालं आणि विशेषण उरलं, तेच आपलं 'ट्रॅकिया'. इ.स. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी बांधून मध्ये चिरली. आत रक्तच होतं. नाव मात्र तेच राहिलं.

आणि आपली 'धमनी'? तीही वाऱ्याचीच. संस्कृत 'ध्मा' म्हणजे फुंकणे. जुन्या नाशकातले तांबट भात्याने भट्टी फुलवतात ती क्रिया. यावरून कोणी कोणाचा शब्द उचलला असं म्हणायला आधार नाही. शिवाय सुश्रुताच्या धमन्या म्हणजे आजच्या आर्टरीज नव्हेत : त्या 24, नाभीतून निघणाऱ्या, आणि वर जाणाऱ्या धमन्या शब्द, स्पर्श, श्वासही वाहतात. आर्टरीला 'धमनी' हा अर्थ आधुनिक परिभाषेने नेमून दिला.

मराठी विश्वकोशात आर्टरीला 'रोहिणी' आणि व्हेनला 'नीला' म्हटलेलं सापडेल. तिथे वारा नाही, रंग आहे : एक तांबडी, दुसरी निळी. मला हीच जोडी जास्त आवडते.